चार ओळींचा जिना

४ फेब्रुवारी

मामा,

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. इतकी वर्षं करवतीच्या मशीनशेजारी उभं राहून तुझे कान कामातून गेलेत आणि फोनवर तू नुसतं 'हो हो' करतोस. मला 'हो हो' नकोय, एका प्रश्नाचं नीट उत्तर हवंय.

माझा प्रबंध कशावर आहे ते तुला ठाऊक आहे. मामी शेजारणींना 'इंग्रजी जागांवर' म्हणून सांगते, ते तसं फार चूक नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांत जागा कशी उभी राहायची, हा विषय. तेव्हा तुझ्यासारखी रंगवलेली भिंत नव्हती, पुढे पडदा नव्हता. मागे दोन दारं आणि वर एक सज्जा, एवढ्यावर सगळं. नट बाहेर येऊन म्हणाला, 'काय दाट जंगल हे,' की झालं जंगल.

तिसरं प्रकरण एका विनोदी नाटकावर आहे. ते कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नाही. त्यात व्यापाऱ्याची मुलगी बापाला बाहेर ठेवून दाराला आतून कडी घालते आणि वरच्या खिडकीत येऊन, जणू ओळखच नाही अशी त्याच्याशी बोलते. ती आत जाते आणि वर दिसते, यामध्ये बापाच्या फक्त चार ओळी आहेत. माझं म्हणणं असं, की चार ओळींत वर पोचता येतं म्हणजे ते घर चिंचोळं आहे, दार उघडलं की पायाशी जिना. माणसांनी भरत चाललेल्या शहरातलं, दोन्ही खांदे भिंतींना घासणारं घर. साठ पानांचं प्रकरण या चार ओळींवर उभं आहे.

तू फक्त लिहून पाठव की चार ओळींत नट वर पोचतो. मी तळटीप टाकीन, 'चाळीस वर्षांच्या अनुभवी नेपथ्यकाराचं मत'. ३१ मार्चला प्रबंध द्यायचाय. ही तिसरी मुदतवाढ, आणि शेवटची. त्या दिवशी दिला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

मामीला सांग, जेवते आहे वेळेवर.

तुझी ठकी

९ फेब्रुवारी

ठके,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने द्यायला नकोत.

मामीने विचारलं, काय म्हणतेय पोर? म्हटलं, म्हणतेय नेपथ्य लागतच नाही, बोललं की घर उभं राहतं. तर तुझी मामी म्हणते, "मग तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात?" घरचेच असे असले की बाहेर शत्रू शोधावे लागत नाहीत.

आता तुझ्या तळटिपेचं. माझं मत हवं तर आधी मला कळायला हवं. जिना होता की शिडी? सज्जा किती फुटांवर? बाईच्या पायात काय, झगा किती घेराचा? म्हातारा त्या ओळी कशा म्हणतो, धापा टाकत की चघळत? नटाने विचारावं 'पोचेन ना?' आणि मी न बघता 'पोचशील' म्हणावं, असं मी आयुष्यात केलेलं नाही. तसं केलं असतं तर कंपनीतले निम्मे नट आज लंगडत असते.

कारखान्यात जुन्या नाटकाची दोन दारं चौकटींसकट उभी आहेत, लेव्हल, म्हणजे उभं राहायचे लाकडी चौथरेही आहेत. करून बघतो. ओळी मराठीत करून पाठव. मुदतीची काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो, पण कर. काळजी केल्याशिवाय तू कामाला बसत नाहीस, हे मी तू चौथीत असल्यापासून बघतोय.

मामा

१४ फेब्रुवारी

मामा,

तुला एक ओळ मागितली तर तू बांधकामच काढलंस. बरं, ऐक. सज्जा नक्की किती उंच ते कुणीच छातीठोक सांगत नाही, मी दहा फूट धरलेत. जिना की शिडी तेही माहीत नाही. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. झगा पायघोळ, खाली कडक घेर. ओळी अशा:

ही माझीच गल्ली, हा माझाच उंबरा,
मग कडी आतून कशी? कोण आहे घरात?
पोरी, दार उघड, बाप आलाय तुझा,
का मीच चुकलो, आणि घर आहे जागेवर?

फार खटाटोप करू नकोस. मी राहते ती खोली एका लाँड्रीच्या वर आहे, खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते आणि माझे कागद ओले होऊन वळतात. बाकी सगळं झालंय. फक्त तुझ्या 'हो'साठी घोडं अडलंय.

ठकी

२४ फेब्रुवारी

ठके,

नाही.

चार ओळींत कुणी वर पोचत नाही. तुझी मामी नाही, तो पुरुष नट नाही, माकडही नाही. मी तीनदा करून बघितलं.

दहा फुटांना सात इंचाच्या सतरा पायऱ्या येतात. जिना बांधला. मामीला जुन्या राणीचा झगा घातला. दार लोटायचं, कडी घालायची, दोन्ही हातांनी झगा उचलायचा, अंधारात वळायचं, सतरा पायऱ्या, वर पुन्हा वळायचं, खिडकी उघडायची. एक्केचाळीस सेकंद. तुझ्या चार ओळी मी चघळून म्हटल्या तरी अठरा सेकंदांत संपल्या. उरलेले तेवीस सेकंद मी रिकाम्या कारखान्यात उभा होतो आणि मामी भिंतीमागून ओरडत होती, "आले, आले, थांबा." वर आल्यावर पहिलं वाक्य बोलायला तिला दम नव्हता. तरी तिने खिडकीतून मला असं काही सुनावलं की ते तुझ्या नाटकात नक्कीच नसणार.

शिडीनेही बघितलं. शिडी लवकर होते, पण झग्यात जमत नाही. हे खात्रीने सांगतो.

सध्या बसूनच कामं करतोय, म्हणून अक्षर जरा वाकडं.

मामा

(त्याच पाकिटात, किराणाच्या यादीच्या मागच्या बाजूला)

बाळ, हे सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. शिडीने झग्यात जमत नाही हे यांना कसं कळलं ते विचार. झगा यांनीच घातला होता. चाळीस वर्षं नटांना 'स्क्रू मारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही' म्हणून दम भरला आणि स्वतः मोकळ्या शिडीवर चढले. सहाव्या कांबीवरून खाली. घोटा मोडलाय, सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात? तर म्हणतात, "चारशे वर्षांपूर्वीच्या घरात." डॉक्टर डोक्याचाही फोटो काढायला निघाले होते. तू घाबरू नकोस. जेवण चांगलं जातंय, नको तेवढं.

मामी

२८ फेब्रुवारी

मामा,

तुझ्या पायाचं वाचून आधी रडले, मग तुला झग्यात आठवून हसले, मग परत रडले. खालच्या लाँड्रीवाल्या बाई वर येऊन विचारून गेल्या. मी येऊ का? शनिवारची गाडी मिळते.

आणि आता खरं सांगते, मला तुझा रागही आलाय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते सुताराच्या घरात तरी खरं व्हायला नको होतं. माझ्या मार्गदर्शकांनी ते प्रकरण दोनदा वाचलं, कुणाला पायऱ्या मोजाव्याशा वाटल्या नाहीत. परीक्षकालाही वाटणार नाहीत. एकतीस दिवस उरलेत. घर चिंचोळं नसेल तर ती साठ पानं गेली, आणि ती गेली तर प्रबंधाची कंबरच मोडली.

तुझं पत्र मला मिळालंच नाही असं मी धरलं तर? पत्रं हरवतात. तळटीप टाकणार नाही, बस्स. मी वाईट आहे म्हणून हे विचारत नाहीये, थकले म्हणून विचारतेय. तू नुसतं 'चालेल' म्हण.

ठकी

५ मार्च

ठके,

येऊ नकोस. आलीस तर दाराला आतून कडी घालून वरच्या खिडकीत बसेन. एका पायावर.

पत्र हरवलं असं धरायचं तर धर. प्रबंध तुझा, मी कोण सांगणारा? पण मला ठाऊक आहे तुझं काय होईल. पहिलीच्या वर्गात तू बाईंना जाऊन सांगितलंस की पाटी मैत्रिणीने नाही, मी फोडली, आणि बाईंनी तर विचारलंही नव्हतं. असल्या माणसाला लपवालपवी परवडत नाही, झोप जाते.

आता कामाचं बोलू. गेले दहा दिवस पाय उशीवर ठेवून मी तुझ्या त्या चार ओळी बघतोय. एक गोष्ट आज लक्षात आली. तू मला फक्त बोलायची वाक्यं पाठवलीस. अगं, आम्ही सुतार लोक नाटक हातात आलं की वाक्यं वाचतच नाही. वाक्यं नटांची. आम्ही आधी कंस वाचतो. कोण कुठून येतो, काय उचलतो, कशावर बसतो, कंसात जे असेल तेच आम्हाला बांधायचं असतं. मी अशी कितीतरी नाटकं उभी केलीत ज्यांची गोष्ट मला आजही माहीत नाही, पण त्यात दारं किती ते विचार.

त्या जागेचे कंस कुठे आहेत? पान जसंच्या तसं पाठव. क्षुल्लक म्हणून गाळू नकोस.

मामा

९ मार्च

मामा,

पाठवते. गाळलं होतं खरं. चार ओळींनंतर समासात तिरक्या अक्षरांत एवढंच छापलंय: (म्हातारा आपलं दार शोधतो.) त्यावर कुणीही टीप लिहिलेली नाही, मीही नाही. मग लगेच मुलगी वर येते.

मुलगी: कोण रे तो दारं बडवतोय?
म्हातारा: अकरा दारं ठोठावली, बाई, आणि एकाही घरात मी राहत नाही.

'अकरा' ही म्हाताऱ्याची थाप आहे असं सगळे धरून चालतात, कारण मागे दारं दोनच. यातून काही निघेल असं वाटत नाही. बावीस दिवस उरलेत. प्रकरण काढून टाकलं तर उरलेल्या चार प्रकरणांवर प्रबंध उभा राहील का, याचा हिशेब करत बसलेय.

पायाला खाज सुटली तर पट्टी घालून खाजवू नकोस, मामीने लिहिलंय की तू फूटपट्टी आत अडकवून बसला होतास.

ठकी

१६ मार्च

ठके,

आधी बस. उभी राहून वाचू नकोस.

तुझं पान आलं तेव्हा आमचे आजोबा बसले होते. तुला आठवतात ना, कंपनीतले विनोदी नट? पंचविसाव्या वर्षी पहिलं काम आजोबांचं मिळालं आणि मग जन्मभर तेच करत राहिले. आता खरोखरचे आजोबा झालेत, तर कुणी काम देत नाही. त्यांना पान दाखवलं. त्यांनी वाक्यं वाचली, मान हलवली. मग कंसावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे माझं."

मी म्हटलं, हे तर चारच शब्द आहेत. म्हणाले, "अरे, लेखकाने लिहिलेल्या पानभर वाक्यांत नटाला काय मिळतं? खरी मजा अशा कंसात असते. 'दार शोधतो' असं लिहून कुणी मला मोकळं सोडलं तर मी पब्लिकला घरी जाऊ देईन का?"

मामीने झगा चढवला. मी खुर्चीत, प्लास्टर स्टुलावर, हातात घड्याळ. मामी आत गेली, कडी घातली. आजोबांनी चार ओळी म्हटल्या. अठरा सेकंद. मग ते शोधायला लागले.

पहिलं दार ठोठावलं. "नाही, माझं असं वाजत नाही." दुसरं ठोठावलं, कान लावला, आतून जणू कुणी ओरडलं तसे दचकून मागे आले. मग चार पावलं चालले, धोतर नाही तरी सावरल्यासारखं केलं आणि परत पहिल्या दाराशी गेले. पण ठके, ते पहिलं दार राहिलं नव्हतं. ते तिसरं होतं. तिथे त्यांना फोडणीचा वास आला आणि ते जरा रेंगाळले. चौथ्याला कुत्रं होतं. पाचव्या दाराची त्यांना लाज वाटत होती, तिथून तोंड लपवून गेले, का ते विचारलं तर सांगत नाहीत. सहाव्याशी कोपरा वळले. तुला सांगतो, ती दोन्ही दारं माझ्या हातची, बिजागऱ्या मी बसवलेल्या, आणि आठव्या दाराशी मला मनापासून वाटलं की म्हातारा फार लांब आला, आता हा परत कसा जाणार?

मामी चौथ्या दारालाच वर पोचली होती. दम खाऊन, केस नीट करून ती खिडकीत कोपर टेकून बसली. नवव्या दाराला तिने वरूनच विचारलं, चहा टाकू का?

तीन मिनिटं दहा सेकंद. मोजून अकरा दारं. थाप नाही, ठके, म्हातारा खरं बोलतोय.

आता तुझ्या साठ पानांचं. घर चिंचोळं की ऐसपैस ते या जागी कळत नाही, कारण घर बघायला कुणाला वेळच नाही. सगळे बाहेर बघतायत. इथे बांधली आहे ती गल्ली, आणि ती त्या म्हाताऱ्याच्या पायांनी बांधली आहे. तू म्हणालीस ना, बोललं की जागा उभी राहते? बोलून नाही गं. चालून. तुझं शास्त्र मला कळत नाही, चुकत असेन तर सोडून दे. पण पंधरा दिवस आहेत. साठ पानं मोडून तेच लाकूड परत वापरता येतं, मी जन्मभर तेच केलंय.

आजोबा विचारतायत, या कामाला पुढे आणखी प्रयोग आहेत का?

मामा

३० मार्च

मामा,

दिला. आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. कचेरीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, एक दिवस आधी? बरं नाही ना वाटत?

दहा दिवस मी खोलीबाहेर पडले नाही. प्रकरणाचं नाव आता 'अकरा दारं' आहे. शहर इतकं वाढलंय की माणसाला स्वतःचं दार सापडत नाही, आणि हे सगळं दोन दारांपुढे चालून दाखवलंय, असं लिहिलंय. मार्गदर्शकांनी वाचून विचारलं, "हे तुला सुचलं कसं?" मी सांगितलं, मामाचा घोटा मोडला.

आता झोपते. तोंडी परीक्षा जूनमध्ये. तिथे खरी कसोटी आहे, कारण बाहेरच्या परीक्षक बाई म्हणजे ज्यांनी त्या नाटकाचं संपादन केलं त्याच. 'अकरा ही थाप' असं छापणाऱ्या.

ठकी

१९ जून

मामा, मामी आणि आजोबा,

सगळ्यांनी एकत्र बसून वाचा, मामीने मोठ्याने वाचावं, म्हणजे मामाला ऐकू येईल.

परीक्षक बाई उंच, पांढरे केस, चष्मा साखळीला लावलेला. पहिली दोन प्रकरणं पाच मिनिटांत संपवली. मग तिसरं उघडलं आणि म्हणाल्या, "मी तीस वर्षांपूर्वी लिहिलं ते चूक आहे असं तू म्हणतेस, आणि पुरावा काय, तर एक सुतार, त्याची बायको आणि एक निवृत्त नट." मी म्हटलं, हो. "हे हसण्यावारी नेलं जाईल." मी म्हटलं, नाटक विनोदीच आहे. मार्गदर्शकांनी डोळे मिटून घेतले.

मामा, सहा वर्षं त्या टेबलावर पडली होती. पण मला माहीत होतं की आपलं बरोबर आहे, आणि ते वाद घालून पटणार नाही. मी म्हटलं, मॅडम, तुम्हीच शोधता का?

त्यांनी मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि उठल्या. त्या खोलीला दार एकच. दुसरं दार म्हणून आम्ही लोखंडी कपाट धरलं. त्यांनी दार ठोठावलं, एक. कपाट ठोठावलं, दोन. परत दाराशी आल्या, तीन, तोवर नुसत्या मोजत होत्या. चौथ्याला मात्र थांबल्या. पाचव्याला दबकत गेल्या. सातव्या वेळी दाराशी उभ्या राहून त्यांनी हळूच आत डोकावल्यासारखं केलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "इथे कुणीतरी आजारी आहे वाटतं." नवव्याला दार ठोठावलं आणि ते खरंच उघडलं, शिपाईकाका चहा घेऊन उभे. बाई त्यांना म्हणाल्या, "माफ करा, घर चुकले." आणि दार लावून घेतलं. शिपाईकाका चहासकट बाहेर.

अकरा पूर्ण करून त्या खुर्चीत बसल्या. मग हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "तीस वर्षं मी त्या कंसावरून पुढे जातेय. नव्या आवृत्तीत टीप घालते. त्या सुताराचं पूर्ण नाव सांग."

मिळाली. पीएच.डी. मिळाली. चहा तेवढा थंड प्यावा लागला.

ठकी

१० जुलै

डॉक्टर ठकीबाई,

तुझ्या प्रबंधाचं पुस्तक काल पोचलं. लाल कापडाची बांधणी, वर सोन्याची अक्षरं. आजोबांनी हात धुऊन हातात घेतलं. परीक्षक बाईंनी त्यांची जागा घेतली याचा त्यांना थोडा मत्सर वाटतोय, पण 'सातव्या दाराशी आजारी माणूस' हे आपल्याला का सुचलं नाही, याची हळहळ जास्त.

पाय बरा आहे. जिन्याला आता कठडा लावलाय.

इंग्रजी मला वाचता येत नाही, पण माझं नाव ओळखता येतं. पान एकशे अठ्ठेचाळीस, खाली, बारीक अक्षरांत. त्याच्या शेजारी मामीचं, मग आजोबांचं. ते पान मी काल तीन-चार वेळा उघडलं. आज सकाळी परत.

तुला एक सांगतो, हे कधी कुणाला बोललो नाही. चाळीस वर्षांत मी तीनशेच्या वर घरं बांधली असतील. बंगले, खोल्या, एक तुरुंग, दोन राजवाडे. शेवटचा प्रयोग झाला की आपणच स्क्रू काढायचे, फळ्या टेम्पोत भरायच्या, भिंतीवर दुसरा रंग मारायचा. एकही उभं नाही. त्याचं वाईट वाटतं असं मला कधी वाटलं नव्हतं. काल ते पान बघताना कळलं की वाटत होतं.

ही गल्ली राहील. कुणीतरी कधीतरी ते पान उघडेल आणि अकरा दारं मोजेल. मला फार आनंद झाला, ठके. मी रडलो, ते मामी तुला कळवणारच आहे, म्हणून मीच आधी लिहितो.

पुस्तक कुठे ठेवायचं यावरून घरात वाद होता. मी त्याच्यासाठी सागवानी फळी रंधून भिंतीत बसवली आहे. मामीने विचारलं, "एका पुस्तकाला एवढे आठ स्क्रू कशाला?" म्हटलं, हे काढायचं नाहीये.

मामा